पडद्यावरून पाटावर

(पेण-रोहे परिसरातील श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चित्रपटाची वाट पाहणे हा आजच्या तरुणांचा एक स्वतंत्र उत्सवच होऊन बसला आहे. चित्रपट यायला वर्ष-दीड वर्ष अवकाश असतो, पण त्याची काही मिनिटांची झलक आली की ती दिवसातून दहा वेळा पाहिली जाते. कोणता नट कोणत्या भूमिकेत, मुकुट कसा, धनुष्य कसे, मूळ ग्रंथातले काय घेतले आणि काय टाकले, यावर रात्री उशिरापर्यंत वाद रंगतात. ३ जुलै २०२५ रोजी नितेश तिवारी दिग्दर्शित 'रामायण' या चित्रपटाची पहिली झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा हेच घडले. निर्मात्यांनी त्याच्या पहिल्या भागासाठी २०२६ ची दिवाळी आणि दुसऱ्या भागासाठी २०२७ ची दिवाळी जाहीर केली. रणबीर कपूर राम, साई पल्लवी सीता आणि यश रावण. १९८७ च्या मालिकेतले राम, अरुण गोविल, या वेळी दशरथाच्या भूमिकेत असल्याचे वृत्त आले आणि घराघरांतील आजी-आजोबाही या चर्चेत ओढले गेले.

या उत्सुकतेकडे नाक मुरडून पाहण्याची सवय आपल्याकडच्या जाणत्या मंडळींना आहे. ती सोडलेली बरी. २५ जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी रामानंद सागरांच्या 'रामायण'साठी रस्ते ओस पडत होते, दूरचित्रवाणी संचाला हार घातला जात होता, उदबत्ती लावली जात होती. ज्यांच्या घरी संच, त्यांच्या ओटीवर सारी आळी जमत असे. त्या वेळी ओटीवर मांडी घालून बसलेली मुले आज पन्नाशीच्या आसपास आहेत. नातवंडांच्या किंवा मुलांच्या उत्साहाला पोरकटपणा म्हणताना त्यांनी ती ओटी आठवावी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा नव्या पिढीनेही ती तितक्याच आवडीने पाहिली, हे विशेष.

एका माध्यमातील कथा दुसऱ्या माध्यमात नेणे ही गोष्ट आपल्याला पाश्चात्त्यांनी शिवकवलेली नाही. पेण आणि रोहे या दोन तालुक्यांपुरते बोलायचे, तरी उदाहरणांची उणीव नाही. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. गीतेचा अर्थ सोप्या मराठीत कळावा ही आईची इच्छा. ती आई १९१८ मध्ये गेली, आणि १९३०-३१ मध्ये मुलाने 'गीताई' लिहून ती इच्छा पुरी केली. पुढे धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली आणि बोललेल्या शब्दाचा ग्रंथ झाला. रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठी पद्यात आणले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. आणि १९२० मध्ये रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले! त्यांच्या स्वाध्याय कार्यावर श्याम बेनेगलांनी १९९१ मध्ये 'अंतर्नाद' हा चित्रपट काढला. गीता ओवीसारख्या सोप्या मराठीत आली, संस्कृत काव्य मराठी काव्यात आले, गावोगावचे कार्य पडद्यावर गेले.

आता ज्यासाठी पेणचे नाव जगभर जाते, तिकडे वळू. पेण शहरातील आळ्या, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे आणि तेथील गणपतीचे कारखाने. वर्षभर येथे माती मळली जाते, साचे उघडतात, मूर्ती वाळतात, रंग चढतो. मूर्ती महाराष्ट्रभर जातात, समुद्रापलीकडेही जातात. गेल्या काही दशकांत या कारखान्यांमध्ये एक गोष्ट हळूहळू शिरली आहे. ती म्हणजे पडदा. जे पडद्यावर गाजते ते पाटावर मागितले जाते. गिऱ्हाईक येते ते खिशातल्या मोबाइलवर एक छायाचित्र घेऊनच: "असा गणपती करून द्या."

१८ मे २०१४ रोजी 'जय मल्हार' ही मालिका सुरू झाली. खंडोबाची भूमिका करणारे देवदत्त नागे हे याच जिल्ह्यातील अलिबागचे. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी गणेशोत्सवात 'जय मल्हार' रूपातील मूर्तींना कोण मागणी आली! भरजरी फेटा, कपाळी भंडारा, अंगावर खरे कापड, हातात खड्ग. फेटा बांधणाऱ्या, धोतर नेसवणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या हातांना त्यातून काम मिळाले. त्यांत स्त्रियांचे हात पुष्कळ. मग २०१५ आणि २०१७ मध्ये 'बाहुबली'चे दोन भाग आले आणि खांद्यावर शिवलिंग उचललेला गणपती घडू लागला. पुढे 'पुष्पा' आणि 'आरआरआर' या चित्रपटांच्या नायकांच्या ढंगातील मूर्तीही काही ठिकाणी दिसल्या, आणि त्यावर नाराजी उमटली.

ही नाराजी कुठे योग्य आणि कुठे अनाठायी, हे नीट पारखून घ्यायला हवे. सगळेच एका मापाने मोजले तर मूर्तिकारावर अन्याय होतो आणि श्रद्धेवरही.

खंडोबा हे महाराष्ट्राचे कुलदैवत. शिवाचा तो अवतार. पित्याचा वेष पुत्राने धारण केला, तर त्यात भावनेला धक्का बसावा असे काय आहे? मालिका संपली, नट दुसऱ्या भूमिकेत गेले, तरी भंडारा ल्यालेला गणपती परका वाटत नाही, कारण तो भंडारा मालिकेच्या कितीतरी आधीपासून जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळला जात होता. 'बाहुबली'चे प्रकरण याहून गमतीचे आहे. चित्रपटातला राजपुत्र काल्पनिक. पण खांद्यावरचे शिवलिंग पाहून जाणत्याला गोकर्णाची कथा आठवावी. रावणाच्या हातचे आत्मलिंग युक्तीने भूमीवर ठेवले ते गणपतीनेच. मूर्तिकाराच्या मनात ही कथा होती की केवळ गिऱ्हाइकाचा आग्रह, कोण जाणे. परंतु परंपरेचा धागा तेथेही सापडतो. 'पुष्पा'चे तसे नाही. तो रक्तचंदनाची तस्करी करणारा नायक. त्याची खांद्याची ढब, त्याचा हात दाढीखालून फिरवण्याचा आविर्भाव विघ्नहर्त्याला देणे म्हणजे देवाला नटाची नक्कल करायला लावणे होय. चित्रपट आवडणे वेगळे. तो अवश्य आवडावा. पण त्याची जागा देव्हाऱ्यात नाही.

गणपती अथर्वशीर्षात त्याचे ध्यान स्पष्ट सांगितले आहे: चार हात, पाश, अंकुश, दंत, वरद मुद्रा, ध्वजावर उंदीर, तांबडा वर्ण. घरोघरी हे म्हटले जाते आणि समोर मूर्ती मात्र दोन हातांची, बाह्या सरसावलेली! म्हणणाऱ्याला हा विसंवाद जाणवत नाही, याचे आश्चर्य वाटते. पेणच्या मूर्तीची कीर्ती वेषात कधीच नव्हती. ती डोळ्यांच्या आखणीत आहे. मूर्तीचे बाकी सारे काम पुष्कळ हातांतून जाते, आखणी मात्र कसलेल्या हाताकडेच असते. डोळे आखले की मूर्ती पाहू लागते, असे म्हणतात. त्या डोळ्यांत नटाची नजर उतरू लागली तर पेणचे पेणपणच गेले.

मूर्तिकाराला दोष देणे सोपे आहे. त्याने मागणी नाकारली तर गिऱ्हाईक पुढच्या कारखान्यात जाते, आणि वर्षाचा हंगाम एकच. ऑर्डर देणारे घर आणि वर्गणी जमवणारे मंडळ यांच्याकडे खरी निवड असते. धाकट्याला चित्रपटातला गणपती हवा, आजोबांना बैठा, सोंड डावीकडे वळलेला, नेहमीचा हवा, असा प्रसंग कितीतरी घरांत येतो. तिथे "काय हे हल्लीचे खूळ" एवढे बोलून आजोबा वर्तमानपत्रात तोंड घालतात, आणि धाकट्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नाही. खरे तर तोच क्षण त्याला गोकर्णाची कथा सांगण्याचा असतो.

चित्र आणि देव यांचे नाते आपल्याकडे फार जुने आहे. राजा रवि वर्मा यांच्या छापील तसबिरींनी देवांना घराच्या भिंतींवर आणले. त्याच छापखान्याच्या कामात हात घातलेले दादासाहेब फाळके १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तावरचा चित्रपट पाहतात आणि त्यांच्या मनात येते, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर केव्हा येतील? ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतले जोडे काढत, अशा आठवणी नमूद आहेत. प्रभातच्या 'संत तुकाराम'मधील (१९३६) विष्णुपंत पागनीसांचा चेहरा लोकांनी इतका मनोमन स्वीकारला की, पुढे अनेक तसबिरींतून तुकोबा म्हणून तोच दिसू लागला. नटाचा चेहरा संताला लाभला, आणि तरी कुणाला खटकले नाही. का? पागनीसांनी तुकोबांना आपल्याकडे ओढले नाही. ते तुकोबांकडे गेले.

रूपांतराची कसोटी येथेच लागते. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक गदिमांनी छप्पन्न गीतांत आणले. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि सुधीर फडक्यांच्या स्वरांनी वर्षभर महाराष्ट्र भारून गेला. किती कथा गाळल्या असतील त्यांनी! पण एकाही श्रोत्याला राम परका झाला नाही. याच बाबूजींनी पुढे आयुष्याची अनेक वर्षे 'वीर सावरकर' चित्रपटासाठी वेचली, लोकांकडून निधी गोळा केला आणि २००१ मध्ये तो पडद्यावर आणला. तंत्राच्या दृष्टीने त्यापेक्षा सरस चित्रपट पुष्कळ निघाले असतील, पण समाजाने आपल्या पैशाने उभा केलेला चित्रपट म्हणून त्याचे मोल निराळे. रणदीप हुडा यांचा सावरकरांवरील चित्रपट २०२४ मध्ये आला, तो याच वाटेवरचा.

उलट उदाहरण 'आदिपुरुष'चे. दिग्दर्शक ओम राऊत मराठी. 'लोकमान्य' (२०१५) आणि 'तान्हाजी' (२०२०) त्यांचेच. सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना देणाऱ्या टिळकांवर ज्यांनी आस्थेने चित्रपट केला, त्यांच्याकडून १६ जून २०२३ ला असे रामायण यावे, याची हळहळ अधिक. हनुमंताच्या तोंडची टपोरी भाषा लोकांनी सहन केली नाही. अखेर प्रदर्शनानंतर संवाद बदलावे लागले. हनुमंत साकारणारे होते आपले देवदत्त नागे. 'जय मल्हार'ला पाटावर जागा देणाऱ्या त्याच प्रेक्षकाने 'आदिपुरुष' नाकारला. प्रेक्षकाला नटाचे वावडे नव्हते. त्याला दैवताचा आब हवा होता.

'छावा'च्या वेळीही हेच दिसले. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ ची. तिच्यावरून लक्ष्मण उतेकरांनी केलेला हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ ला आला. त्याआधी जानेवारीत झलक दाखवली गेली तेव्हा छत्रपती संभाजी महाराज लेझीम नाचताना दिसले, आक्षेप आला आणि ते दृश्य वगळण्यात आले. बाकी देशभर प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. मराठी कादंबरी हिंदी पडद्यावरून साऱ्या भारताला कळली, ही अभिमानाची गोष्ट आहेच. मात्र ज्या रायगडावर १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या रायगडचे नाव लावणाऱ्या जिल्ह्यातल्या तरुणाने केवळ तीन तासांवर समाधान मानू नये. सावंतांची कादंबरी वाचावी, आणि कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे हे ध्यानी घेऊन त्यापुढचेही वाचावे.

आता येणाऱ्या 'रामायणा'ची तयारी घरोघरी कशी व्हावी? एकनाथांचे भावार्थरामायण किती घरांत उघडले जाते? नाथांच्या हातून ते अपुरे राहिले आणि शिष्य गावबाने पुरे केले, अशी परंपरा आहे. म्हणजे तेही एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले काम. चित्रपट पाहून आलेला मुलगा विचारील की शबरीची उष्टी बोरे वाल्मीकींत आहेत का, लक्ष्मणरेषा आहे का. या दोन्ही गोष्टी लोकपरंपरेने आणि नंतरच्या रामकथांनी दिलेल्या आहेत, मूळ वाल्मीकिरामायणात त्या नाहीत. हे उत्तर घरात कोणाला तरी देता आले पाहिजे. ते देता आले तर चित्रपट कसाही निघो, मुलाच्या हाती काहीतरी राहील.

पेणच्या कारखान्यांत विसर्जन आटोपले की पुढच्या वर्षाच्या साच्यांचा विचार सुरू होतो. जाहीर झालेल्या तारखा पाहिल्या तर रामायणाच्या दोन भागांच्या मध्ये एक अख्खा हंगाम येतो. धनुर्धारी गणपती मागितला जाईल, जटाधारी, वल्कले नेसलेला मागितला जाईल. त्यात वावगे काही नाही, रामाचा वेष गणपतीला शोभेलच. मोबाइलवरचे छायाचित्र दाखवताना गिऱ्हाइकाने एवढेच सांगावे की धनुष्य चित्रपटातले चालेल, मुकुटही चालेल, डोळे मात्र नेहमीचे आखा.