तारांकित खाणी आणि खर्ड्याची खडी



खाणउद्योगातल्या संघटना, त्यांचं सभासदत्व आणि त्यांनी आपणहून स्वतःला घालून घेतलेले नियम, असा आजचा विषय आहे. तो ऐकून आमच्या खर्ड्यातले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, पण आपल्याकडं खाणी आहेतच कुठं?" त्यांच्या घराच्या स्लॅबकडं मी नुसतं बोट दाखवलं. बिचारे हसले.

खरं आहे, आपल्या जामखेड तालुक्यात कोळसा नाही, लोखंड नाही, तांबं नाही. आहे तो काळा दगड, मुरूम आणि सीना-विंचरणेची वाळू. कायद्याच्या भाषेत हे 'गौण खनिज'. पण घर बांधायचं, रस्ता करायचा, पूल टाकायचा, तर याच्यावाचून अडतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून आपला हा दगड तयार झाला. अठराव्या शतकात निंबाळकरांनी खर्ड्याचा किल्ला उभा केला तो याच दगडात. 11 मार्च 1795 ला मराठ्यांशी झालेल्या लढाईनंतर निजामानं आसरा घेतला तोही त्याच तटाच्या आत. त्या चिऱ्यांवर पाथरवटांच्या छिन्नीचे घाव अजून दिसतात. जेवढा दगड लागला तेवढाच फोडला, अशी ती कारागिरी होती. आता सुरुंग, पोकलेन, हायवा आणि क्रशर आले, आणि फोडण्याचं माप बदललं.

क्रशर जवळून पाहिलाय का कधी? वरून डबर पडतो, लोखंडी जबडा तो चावतो, पट्ट्यावरून चाळण्यांकडं जातो आणि खाली वेगवेगळे ढीग पडतात. चाळीस एमएम, वीस एमएम, मग बारीक कच आणि सगळ्यांत शेवटी डस्ट. ही डस्ट ढिगात राहिली तर विकली जाते. वाऱ्यावर गेली तर शेजाऱ्याच्या ज्वारीवर बसते. पावसाळ्यात पाऊस ती धुऊन नेतो, म्हणून उडदाच्या हंगामात फारशी तक्रार ऐकू येत नाही. रब्बीत मात्र पान पांढरं पडतं, आणि धूळ बसलेला कडबा जनावर तोंडात घेत नाही. यंत्रापासून 3 ते 10 मीटर अंतरावर एका घनमीटर हवेत 600 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, असा नियम आपल्याकडं फार वर्षांपासून आहे. पाण्याचे फवारे, पट्ट्यावर झाकण, भोवती भिंत, झाडांची रांग, हे सगळं कागदावर आहे. पण मोजतो कोण?

इथंच संघटनांचा विषय सुरू होतो.

कायदा सांगतो, किमान एवढं करा. संघटना सांगते, आमच्यात बसायचं असेल तर याहून जास्त करा. अशा संघटनांत जगभर सर्वांत वजनदार मानली जाते ती लंडनची इंटरनॅशनल कौन्सिल ऑन मायनिंग अँड मेटल्स, 2001 साली स्थापन झालेली. मोठमोठ्या खाणकंपन्या तिच्या सभासद आहेत. जागतिक वारसास्थळांत खोदकाम करणार नाही, असं वचन या सभासदांनी 2003 साली दिलं. कुठल्याही सरकारनं ते सक्तीनं घेतलं नव्हतं. कॅनडातल्या खाणवाल्यांच्या संघटनेनं 2004 पासून 'शाश्वत खाणकामाकडे' अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि सभासद व्हायचं तर तो पाळणं बंधनकारक ठरवलं. आपल्याकडं दिल्लीची फेडरेशन ऑफ इंडियन मिनरल इंडस्ट्रीज ही 1966 पासूनची जुनी संस्था आहे.

हे सगळं नुसतं दिखाऊ आहे असं म्हणून मोडीत काढणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यातला नाही. पण सभासदत्वाचा कागद भिंतीवर लावला म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांतलाही नाही. का, ते दोन घटनांवरून सांगतो.

पहिली ब्राझीलची. 25 जानेवारी 2019 रोजी ब्रुमाजिन्यू गावाजवळ खाणीच्या गाळाचं धरण फुटलं आणि 270 माणसं गेली. खाण 'वाले' नावाच्या बलाढ्य कंपनीची होती. धरण पक्कं असल्याचा दाखला काही महिन्यांपूर्वीच बाहेरच्या तपासनीस कंपनीनं दिलेला होता. तपासणी करणाऱ्याचा मेहनताना ज्याची तपासणी करायची त्याच्याच खिशातून येतो, तेव्हा दाखल्याचा भरवसा कितपत धरायचा, हा प्रश्न त्या दिवशी जगासमोर आला. त्यानंतर ती लंडनची संघटना, संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम आणि जबाबदार गुंतवणूकदारांची एक संस्था यांनी एकत्र बसून ऑगस्ट 2020 मध्ये गाळाच्या धरणांसाठी जागतिक मानक तयार केलं. गावकऱ्यांना धोक्याची माहिती द्यायची, बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घ्यायचं, जबाबदार अधिकारी नेमायचा, असं त्यात स्पष्ट आहे. मानक चांगलं आहे. फक्त ते यायला एवढी माणसं जावी लागली.

दुसरी ऑस्ट्रेलियाची. मे 2020 मध्ये रिओ टिंटो कंपनीनं लोहखनिजासाठी जुकान गॉर्जमधल्या प्राचीन गुहा सुरुंग लावून उडवल्या. तिथल्या मूलनिवासींच्या वावराच्या खुणा 46,000 वर्षांपूर्वीपर्यंत मागं जात होत्या. गंमत नव्हे, खेद असा की हे काम बेकायदेशीर नव्हतं, सरकारी परवानगी हातात होती. कंपनी लंडनच्या त्या प्रतिष्ठित संघटनेची सभासद होती आणि पुढंही राहिली. मग झालं काय? गुंतवणूकदार खवळले, आणि सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघांना पायउतार व्हावं लागल्याचं जाहीर झालं. कायद्यानं जे अडवलं नाही, सभासदत्वानं जे अडवलं नाही, त्याचा जाब पैसेवाल्यांनी विचारला. तोही सगळं उडून गेल्यावर.

या जुकानच्या घटनेनं मला आपला किल्ला आठवतो. आपल्या देशात खाणसुरक्षा महासंचालनालयाचं 1997 चं एक परिपत्रक आहे. सुरुंगाचा हादरा किती चालेल, याची मापं त्यात दिलेली आहेत. संथ कंपनांचा हादरा असेल तर खाणवाल्याच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घराजवळ सेकंदाला 5 मिलिमीटर, आणि ऐतिहासिक वास्तूजवळ फक्त 2 मिलिमीटर. म्हणजे आपल्या तटाला आपल्या घरापेक्षाही कमी हादरा सोसायला लावायचा, असं शास्त्र सांगतं. हा आकडा आपल्या भागात किती जणांना माहीत असेल? आणि एक पळवाटही सांगायला हवी. 1952 च्या खाण कायद्यानं दगड, मुरूम, वाळू अशा साध्या खाणींना सूट दिली होती. खोली 6 मीटरच्या आत, माणसं 50 च्या आत आणि स्फोटकं वापरत नसाल, तर कायद्याचा मोठा भाग तुम्हाला लागू होत नसे. पण सुरुंग लावला की ही सूट संपायची.

आता आपल्या राज्यात येऊ. 1948 साली स्थापन झालेल्या इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपूरला आहे. 2016 पासून या ब्यूरोमार्फत मोठ्या खनिजांच्या खाणींना हॉटेलसारखे तारे दिले जातात. आधी खाणवाला स्वतःच स्वतःचे गुण भरतो: झाडं किती लावली, खड्डे किती बुजवले, धूळ कशी दाबली, आजूबाजूच्या गावांसाठी काय केलं. मग तपासणी होते. पाच ताऱ्यांवाल्यांचा समारंभपूर्वक सत्कार होतो. हे काही निव्वळ ऐच्छिक नाही, नियमात बसवलेलं आहे. पण कल्पना मुळात तीच, की माणसाला शिक्षेबरोबर अब्रूचीही काळजी असते. मला ती पटते. अहो, साधा स्वच्छ गावाचा पुरस्कार मिळाला तर आपली गावं कमान उभारतात.

आणि चांगलं काम होतं, हेही सांगायला हवं. नागपूर जिल्ह्यात गुमगाव इथं मॅंगनीजची खाण आहे, सरकारी मॉइल कंपनीची. खोदून काढलेल्या निरुपयोगी मातीदगडाच्या ढिगांवर गवताची काडी उगवत नव्हती. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यातून निघणारा गाळ, टाकला. मुळांशी मैत्री करणारी बुरशी आणि नत्र धरून ठेवणारे जिवाणू त्यात सोडले, मग रोपं लावली. ढिगावर झाडी उभी राहिली. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, प्रेसमडच्या ट्रॉल्या रस्त्यानं रोज जाताना आपण पाहतो. आपल्या दगडखाणींच्या कडेला पडलेल्या मुरमाच्या ढिगांवर हा प्रयोग करायला कोणाची बंदी आहे?

गोव्याची गोष्ट मात्र उलटी. तिथल्या काही लोहखाणींकडे आयएसओ 14001 सारखी पर्यावरणाची प्रमाणपत्रं होती. पण बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल 2012 मध्ये आला, खाणी बंद पडल्या. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिथल्या खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर 2007 मध्येच संपलेली होती. म्हणजे ऑफिसात फायली नीट, पाणी तपासल्याच्या नोंदी नीट, आणि मुळातला पट्टाच मुदतीबाहेर! आयएसओचं प्रमाणपत्र कामाची पद्धत तपासतं, हक्क तपासत नाही. हे दाखवून दिलं ते गोवा फाउंडेशनसारख्या स्थानिक संस्थेनं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून.

म्हणून अलीकडच्या मानकांपैकी मला 'इर्मा' म्हणून ओळखली जाणारी संस्था जास्त भरवशाची वाटते. 2006 साली ती सुरू झाली. तिच्या कारभारी मंडळात खाणकंपन्या आहेत, तसे माल विकत घेणारे आहेत, कामगार संघटना आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, पैसे गुंतवणारे आहेत आणि खाणीशेजारी राहणारी माणसंही आहेत. खाणवाला एकटा बसून नियम ठरवू शकत नाही. धूळ खाणाऱ्याला जिथं मत आहे तिथं फवारा चालू राहतो, असं माझं मत.

आणि यासाठी आपल्याला लांब जायला नको. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं ग्रामसभेत बसून स्वतःला नियम घालून घेतले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. उसासारखं तहानलेलं पीक घ्यायचं नाही. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. वरून सक्ती नव्हती. तरी टिकलं, कारण बोअर घेणारा आणि त्यामुळं ज्याची विहीर आटणार तो, दोघं एकाच पारावर बसणारे. तिथं नजर चुकवायला जागाच नाही.

आपल्या क्रशरवाल्यांच्याही संघटना असतात, पण त्यांची निवेदनं रॉयल्टी, दंड आणि डिझेल यांवरच फिरतात. हा काही त्यांचा एकट्याचा दोष नाही. ब्रासचा भाव पाडून मागणारा ठेकेदार आणि सरकारी टेंडर, दोघंही 'धूळ कशी दाबलीस' असं कधी विचारत नाहीत. आता मागणी आणखी वाढणार आहे. काँक्रीटच्या दगड-वाळूचं जे भारतीय मानक आहे, आयएस 383, त्यात दगड दळून केलेल्या वाळूलाही रीतसर जागा आहे. राज्य सरकारनंही 2025 मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. सीनेची वाळू वाचेल, चांगलंच आहे. पण ही कृत्रिम वाळू डोंगर फोडूनच येणार, हे आतापासून ध्यानात ठेवलेलं बरं.

तेव्हा ग्रामपंचायतीकडं खाणीच्या किंवा क्रशरच्या ना-हरकतीचा अर्ज आला, तर तो मासिक सभेत चहाबरोबर उरकू नका. ग्रामसभेत ठेवा. कोणता गट नंबर, किती खोल जाणार, सुरुंग किती वाजता, हादरा कोण मोजणार, काम संपल्यावर खड्ड्याला कुंपण कोण घालणार, हे विचारा. जुन्या खाणीच्या डोहाची खोली वरून कळत नाही, पोरं पोहायला उतरतात, म्हणून कुंपणाचं आधी विचारा. खाणवाल्यालाही बोलवा. तोही बहुधा आपल्याच पंचक्रोशीतला असतो, त्याची अडचण ऐका, आणि जे ठरेल ते ठरावात लिहून त्याची सही घ्या. आणि पहिला सुरुंग लागायच्या आधी आसपासच्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून ठेवा. घरांच्या भिंतींचे फोटो तारखेसह काढून ग्रामपंचायतीत जमा करा. तडा जुना की नवा, यावर नंतर दोन्ही बाजूंनी शपथा घेण्यात काही अर्थ नसतो.