पासवर्ड पाठ आहे, पण किल्ली कुठे आहे?



जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, तेव्हा संगणकाच्या आतच दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक भागातला कारखाना असो की कर सल्लागाराचं ऑफिस, त्या मशीनमध्ये ड्रॉइंग आणि हिशेब असले, तर डिस्क एन्क्रिप्ट करणं शहाणपणाचंच. पण एखाद्या सकाळी मशीन उघडत नाही आणि घाईत केलेला उपाय दुखण्यापेक्षा महाग पडतो.

अशी मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरचं पाहा. 2015 च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात डिस्क एन्क्रिप्ट करता येते. आपला पासवर्ड म्हणजे मात्र डिस्कची किल्ली नव्हे. खरी किल्ली सॉफ्टवेअर तयार करतं. पासवर्डने ती किल्ली तेवढी बंद होते. ही बंद किल्ली डिस्कच्या अवाढव्य व्हीडीआय फाइलमध्ये नसते, शेजारच्या छोट्याशा व्हीबॉक्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये असते. नवा पीसी घेताना कुणी मोठी फाइल तेवढी उचलली आणि जुना पीसी फॉरमॅट केला, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही डिस्क उघडत नाही. म्हणून नेताना अख्खं फोल्डर न्या.

मशीन अडलंच, तर आधी त्या फोल्डरची प्रत काढा आणि दुरुस्ती प्रतीवरच करा. मग कीबोर्ड मराठीवर राहिलाय का, कॅप्स लॉक चालू आहे का, ते बघा. त्यानंतर एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे वेगळा टाकावा लागणारा पूरक भाग, तपासा. व्हर्च्युअलबॉक्सचं डिस्क एन्क्रिप्शन त्यावरच चालतं. नव्या पीसीवर तो टाकायचा राहिला, तर बरोबर पासवर्डही कामाला येत नाही.

दुसरी अडचण टीपीएमची, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपची. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, म्हणून व्हर्च्युअल मशीनलाही आभासी टीपीएम द्यावं लागतं. विंडोजच्याच हायपर-व्ही या सोयीतलं असं मशीन दुसऱ्या पीसीवर नेलं, की ते सुरूच होत नाही, कारण त्याची प्रमाणपत्रं जुन्या पीसीतच राहिलेली असतात. ती खासगी किल्लीसकट आधी एक्स्पोर्ट करून घ्या. आत बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन, असेल, तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

पासवर्डच विसरला, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडेही उपाय नाही. तसा उपाय असता, तर तो चोरालाही सापडला असता.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: मशीन सुरळीत चालतंय तोवरच त्याची प्रत दुसऱ्या पीसीवर उघडून पाहा. तिथे उघडली, तरच तो बॅकअप खरा.