पैसे दिले की मोकळं होता येतं का?

(कायदा-शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच सांगते, मी वकील नाही. शिवणकाम करणाऱ्या बायकांबरोबर काम करताना जेवढा कायदा अंगावर आला, तेवढाच मला येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सातजणींनी एका व्यापाऱ्याकडून ८०० कापडी पिशव्यांची ऑर्डर घेतली. नगाला ३० रुपये, म्हणजे २४,०००. त्यातले १०,००० कापड-दोऱ्याचे, ते व्याजाने काढले. उरलेले १४,००० म्हणजे आमची मजुरी. या ऑर्डरीसाठी गणवेशांचं काम नाकारलं. कापड बेतायच्या आधीच निरोप आला : मशीनचा माल २४ रुपयांनी मिळतोय, तुमचा नको, कापडात तूट येईल ती देतो. कापड ७,००० ला गेलं. ३,००० ची तूट त्याने भरली. पण स्वतःचे ४,८०० वाचवले! वर म्हणतो, "ताई, कुणाचंच वाईट झालं नाही."

हे म्हणणं त्याच्या एकट्याचं नाही बरं का. १८९७ साली अमेरिकेतले न्यायाधीश होम्स म्हणाले होते की करार पाळायची जबाबदारी म्हणजे एवढंच, की मोडलात तर भरपाई द्यावी लागेल. १९७० नंतर रिचर्ड पॉस्नर आदी मंडळींनी त्याला अर्थशास्त्राची जोड दिली. करार मोडणाऱ्याने समोरच्याची पूर्ण भरपाई करूनही त्याला फायदा उरत असेल, तर मोडलेला बरा. त्याला 'कार्यक्षम करारभंग' म्हणतात.

मला हा विचार सरसकट वाईट वाटत नाही. जास्त मजुरी मिळाली म्हणून एखादी बाई आधीचं काम सोडते, तेव्हा तिला तिथेच राबायला कोर्टाने भाग पाडावं असं आपण म्हणू का? कायदाही तसं करत नाही.

पण 'पूर्ण भरपाई' कुठे होती? आमची मजुरी १४,०००, कापडाची तूट ३,०००. त्या महिन्यात पिको-फॉलचे २,००० मिळाले, ते वजा केले. उरले १५,०००. म्हणजे ४,८०० वाचवायला १५,००० चं नुकसान! सिद्धांताच्याच हिशेबाने हा करारभंग बसत नाही. तो परवडला, कारण त्याने आमच्या हातांची किंमत शून्य धरली.

आता कायदा काय मोजतो? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७३ म्हणतं, करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे होणारं नुकसान, किंवा करार करतानाच दोघांना माहीत होतं असं नुकसान मिळेल. दूरचं मिळणार नाही. याचं मूळ १८५४ च्या इंग्लंडमधल्या 'हॅडले विरुद्ध बॅक्सेंडेल' खटल्यात आहे. ग्लॉस्टरच्या गिरणीचा दांडा पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी बंद राहिली, पण बुडालेला नफा मिळाला नाही. आमची मजुरी या कलमात बसते. पण उसनवारी आम्ही त्याला सांगितलीच नव्हती, मग व्याज कसं मागणार? आणि मनस्ताप? साध्या व्यापारी करारात तो धरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं. रात्रभर झोप लागली नाही, याला रकाना नाही.

आम्ही १२,००० ची नोटीस पाठवली. ऑर्डर तोंडी होती. तोंडी करारही कायद्याने चालतो, पण सिद्ध कसा करणार? कोर्टाच्या फेऱ्या म्हणजे सातजणींचे रोज बुडणार. शेवटी ७,००० वर मिटवलं. एकजण अजून माझ्यावर रागावलेली आहे, आणि तिचं चूक नाही.

आता आम्ही साध्या कागदावर लिहून घेतो : कापड व्याजाने आणतोय, दुसरं काम सोडतोय, ऑर्डर रद्द केली तर अमुक रक्कम. कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं, सगळी देईलच असं नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि अर्धे पैसे आगाऊ. दोन व्यापारी कागद बघूनच निघून गेले. तिसऱ्याने सही केली. त्याचं काम सध्या चालू आहे.