उरलेल्यांचा नायक
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवप्रसंगी तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी खेळाडूंच्या चरित्रांविषयी बोलावे, हे कित्येकांस विशोभित वाटण्याचा संभव आहे. परंतु हा मंडप उभारला जात असताना आपल्या तरुणांच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकले: "आपण मूठभर, आपल्याला कोण विचारतो?" त्या वाक्याने मनास चटका लागला. त्याचे उत्तर मला क्रीडांगणावर सापडले, म्हणून हा विषय निवडला आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आपल्याकडील क्रिकेटप्रमाणे लोकप्रिय आहे. तोही दांडू आणि चेंडू यांचाच खेळ. त्या देशाच्या प्रमुख संघांत अर्धशतकाहून अधिक काळ कृष्णवर्णीय खेळाडूंस प्रवेश नव्हता; ते बिचारे आपले निराळे संघ करून खेळत. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ती भिंत फुटली. प्रेक्षकांनी त्यास शिव्याशाप दिले, प्रतिपक्षाने त्याचा उपहास केला. परंतु प्रत्युत्तर न करण्याचे वचन त्याने संघाच्या चालकास दिले होते आणि त्या कठीण दिवसांत ते पाळले. वर्षअखेर नवोदितांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. तो 1972 साली निवर्तला. पुढे 1997 साली त्याचा 42 हा अंक सर्व प्रमुख संघांनी त्याच्या स्मरणार्थ राखून ठेवला.

अमेरिका दूरची, आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. सांगली येथे 11 मार्च 1915 रोजी एका मराठी ख्रिस्ती शाळाशिक्षकाच्या घरी विजय हजारे यांचा जन्म झाला. त्या काळी मुंबईतील सर्वांत गाजलेले क्रिकेटचे सामने जातवार आणि धर्मवार होत असत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ असत. 1937 पासून त्यांत पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी आदिकरून ज्यांस कोठेच जागा नव्हती, त्या सर्वांची ही मोट. तिचे नावच मुळी 'दि रेस्ट', म्हणजे 'उरलेले'! श्रोतेहो, आपल्या तरुणांचे ते वाक्य आणि हे नाव यांत अंतर ते किती?

1943 साली अंतिम सामन्यात या उरलेल्यांची गाठ हिंदू संघाशी पडली. हिंदूंनी 5 गडी गमावून 581 धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद 250. उरलेल्यांचा पहिला डाव अवघ्या 133 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हजारे उभे राहिले. त्यांचे बंधू विवेक यांनी एक बाजू धरून ठेवली आणि दोघां भावांनी 300 धावांची भागी केली. त्यांत विवेक यांच्या धावा केवळ 21; परंतु त्या 21 धावांच्या आधारावाचून पुढचा पराक्रम घडता ना. संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सामना गेला, एका डावाने गेला. तथापि त्या दिवसानंतर 'उरलेले' या शब्दास हसण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नाही.

धर्मवार सामने 1946 नंतर बंद पडले आणि ते इष्टच झाले. परंतु हजारे यांचे खरे मोठेपण तेथूनच दिसू लागले. कारण आता ते साऱ्या भारताचे खेळाडू होते. 1948 च्या जानेवारीत ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली, 116 आणि 145. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात 201 धावांवर असलेल्या ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यांनीच उडविला. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, इंग्लंडवर, एक डाव आणि 8 धावांनी. तेव्हा कर्णधार हजारेच होते.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स येथे भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव झालेली नसताना चार गडी बाद झाले. फलकावर शून्य, आणि समोर ट्रूमनसारखा तुफानी गोलंदाज! पाचवा गडी 26 धावांवर पडला. तेव्हा हजारे आणि दत्तू फडकर यांनी डाव सावरला. हजारे यांच्या 56, फडकर यांच्या 64. भारत तो सामनाही हरला. कर्णधार म्हणून हजारे फारसे धाडसी नव्हते, असेही टीकाकार म्हणत. परंतु सर्व कोसळत असता जो उभा राहतो, त्याची थोरवी केवळ जयापजयाच्या मापाने मोजावयाची नसते. हजारे 18 डिसेंबर 2004 रोजी निवर्तले. देशातील एकदिवसीय सामन्यांचा करंडक आज त्यांच्या नावाने खेळला जातो, आणि त्यात प्रत्येक प्रांताची, प्रत्येक धर्माची मुले एकत्र खेळतात. ज्यास एके काळी उरलेल्यांत गणले, त्याच्या नावाखाली सर्वांनी एकत्र यावे, याहून सुंदर वारसा कोणता?

कोणी म्हणेल, सांगली कोठे आणि आपले जालना कोठे! त्यास मी विजय झोल यांचे नाव सांगेन. याच जालन्यात जन्मलेल्या या तरुणाने 2011 साली महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या, आणि 2014 साली त्या वयोगटाच्या विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले.

माझ्या तरुण मित्रांनो, मूठभर असणे हा दोष नव्हे. मूठभर आहोत म्हणून दारे लावून बसणे, हा मात्र दोष होय. हजारे उरलेल्यांसाठी झुंजले, आणि संधी येताच सर्वांचे झाले. तुम्हीही शाळेत, शेतात, कारखान्यात, मैदानात सर्वांसोबत उतरा. तेथे तुमच्यापैकी प्रत्येकास 309 धावा करता येतील असे नाही. परंतु विवेक हजारे यांच्यासारखी एक बाजू धरून ठेवणे कोणासही साधेल.