केळकर संग्रहालय बघायला जाताना

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणातून)

मैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात विक्री प्रदर्शनासाठी आपण पुण्याला जातोय. शेवटच्या दिवशी दुपार मोकळी आहे. तुळशीबाग आणि सारसबाग ही नावं यादीत लगेच पडली. मी राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं नाव घातलं, तर दोघीतिघी म्हणाल्या, "ताई, ते शिकलेल्यांचं. आम्हाला त्यातलं काय कळणार?"

आज त्याबद्दलच बोलते. माझं म्हणणं असं, की शिकलेल्यांपेक्षा तुम्हालाच तिथलं जास्त कळेल.

दिनकर केळकर हे पुण्यातले चष्म्याच्या धंद्यातले गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावानं कविताही करायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, त्याच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. पत्नी कमलाबाईंची साथ होती. गावोगाव हिंडून, लोकांच्या घरातून जमवत जमवत २०,००० च्या आसपास वस्तू झाल्या. आणि एवढं सगळं त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं.

आता त्या वस्तू कसल्या? दिवे, समया, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, फण्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी. म्हणजे आपल्या आजीच्या हातातलंच सगळं. वाद्यं आहेत, कोरीव दरवाजे आहेत, कोथरूडहून अवशेष आणून उभारलेला मस्तानी महालही आहे. सगळ्या जणी तिकडंच धावतील, मला माहीत आहे! जा, पण अडकित्त्यांपाशी जरा थांबा.

सुपारी कातरायला दोन पाती बास होतात. तरी कुणी त्याचा पोपट केला, कुणी घोडा, कुणी नवराबायकोची जोडी. वज्रीचंही तसंच. टाच घासायची वस्तू, पण तिच्या मुठीवर पक्षी बसवलाय. चौकटीतलं चित्र तेवढी कला, असं आपण धरून चालतो. रोज हाताळायच्या वस्तूवर ज्यानं एवढा जीव लावला, तोही कलावंतच. गोधडी आणि पिशव्या शिवणाऱ्या गटांनी हे मुद्दाम बघावं. "साधीच तर गोधडी आहे" म्हणून आपण आपलाच भाव पाडतो, तो का पाडू नये ते तिथं दिसेल.

काचेमागं वस्तू असते, शेजारी नावाची पट्टी. पण ती वस्तू धरायची कशी, कोणत्या सणाला निघायची, सासू ती कुणाच्या हाती देत नव्हती का, हे पट्टीवर मावत नाही. ते तुमच्यापाशी आहे. म्हणून सोबत येणाऱ्या मुलींना तिथंच सांगा, मोठ्यानं सांगा. कुणी हसलं तर हसू दे.

आणखी एक. आपल्याकडं भांडीवाला येतो नि पितळेचा सोऱ्या किंवा तांब्याचा बंब वजनावर घेऊन जातो. नड असते तेव्हा विकावं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण नुसत्या स्टीलच्या डब्यासाठी देत असाल, तर आधी संग्रहालय बघा आणि मग ठरवा.

जायचं सोपं आहे. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ, स्वारगेटहून रिक्षानं जवळच. आत मजले चढायचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालची दालनं निवांत बघावीत. सामान सांभाळायला एक जण पाळीनं थांबेल. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. वस्तूंना हात लावू नका, कितीही ओळखीच्या वाटल्या तरी.

येणाऱ्यांनी शुक्रवारच्या आत आपापल्या सचिवाकडं नाव द्या. आणि घरात माळ्यावर एखादी जुनी वस्तू असेल, जिचं नाव सुनेला माहीत नाही, ती पुढच्या सभेला घेऊन या.