वातावरणाचा पाठ कसा घ्यावा

(उच्च प्राथमिक व माध्यमिक शाळांतील विज्ञान आणि भूगोल शिक्षकांच्या उद्बोधन वर्गात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



‘पृथ्वीचे वातावरण’ या पाठासंबंधी चार शब्द बोलण्याचे काम आज माझ्याकडे आले आहे. हा पाठ आपल्या प्राथमिक शाळेत सुरू होतो, सातवी-आठवीत वाढतो आणि पुढे माध्यमिक शाळेत विज्ञान व भूगोल या दोन्ही विषयांत पुन्हा येतो. तेव्हा येथे जमलेल्या सर्वांचाच हा समाईक विषय होय. प्राथमिक वर्गात जी समजूत पक्की होते तिच्यावरच माध्यमिक शिक्षकास इमारत उभारावी लागते, आणि पाया कच्चा राहिला असेल तर वरच्या मजल्यावर कितीही रंगरंगोटी केली तरी उपयोग होत नाही.

वर्गतपासणीच्या वेळी एक गोष्ट वारंवार आढळते. “हवेत प्राणवायू किती?” असे विचारताच निम्मा वर्ग हात वर करतो आणि “एकवीस टक्के” असे उत्तर मिळते. थरांची नावेही मुले क्रमाने म्हणून दाखवितात. पण त्याच मुलांसमोर टेबलावरचा पेला धरून “यात काय आहे?” असे विचारले तर “काही नाही, पेला रिकामा आहे” असे उत्तर येते. याचा अर्थ असा की मुलांच्या मनात हवेचे आकडे आहेत, पण हवा नाही. हवा ही दगडासारखी, पाण्यासारखी एक वस्तू आहे, तिला वजन आहे, ती जागा व्यापते, ती ढकलते, हे मुलांस पटण्यापूर्वीच आपण तिची टक्केवारी सांगून टाकतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की हा पाठ आधी मोजून आणि मग म्हणून घ्यावा. आणि मोजताना जो पुरावा आपण मुलांपुढे ठेवू तो खरा असावा.

पहिली पायरी वजनाची. हवेने भरलेली साधी पिशवी तराजूत घालून वजन दिसत नाही, कारण आतली हवा जेवढी भरते तेवढ्याच वजनाचा आधार बाहेरची हवा तिला देते. यासाठी हवा दाबून भरलेली असावी लागते. शाळेतील फुटबॉल घ्यावा. तो गोल होईल, पण बोटाने सहज दबेल एवढीच हवा त्यात ठेवून त्याचे वजन करावे. मग पंपाने तो टणक करून पुन्हा वजन करावे. किराणा दुकानातील एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा विजेचा काटा यास पुरतो. चेंडूचा आकार जवळजवळ तोच राहिला तरी वजन काही ग्रॅमांनी वाढलेले दिसते. हे वाढलेले वजन पंपाने आत घातलेल्या हवेचे, याविषयी मग वाद उरत नाही.

येथून मुलांना गणिताकडे न्यावे. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. वर्गाची खोली सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असेल तर तिचे घनफळ १०८ घनमीटर झाले, म्हणजे आतील हवा सुमारे १३० किलोग्रॅम भरली. आपण पठारावर असलो तर हा आकडा थोडा कमी धरावा. ‘रिकाम्या’ खोलीत ज्वारीच्या एका मोठ्या पोत्याहून अधिक वजनाची हवा आहे, हे मुलांनी स्वतः पट्टीने खोली मोजून काढले म्हणजे ते विसरत नाहीत.

दुसरी पायरी दाबाची. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका हवेचा दाब असतो. वहीचे पान ५०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर त्यावर सुमारे पाच क्विंटल भार झाला. “मग पान फाटत का नाही?” हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्यावा. खालूनही हवा तितक्याच जोराने ढकलते, हे उत्तर त्यांना थोडा विचार करून सापडते.

या दाबाचा इतिहास रंजक आहे आणि तो जरूर सांगावा. इटलीतील तोरिचेल्ली याने १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग सुचविला आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा हवेच्या दाबाने तोलला जातो हे दिसून आले. ही जर हवेचीच करामत असेल तर डोंगरावर हवा कमी असल्याने पारा उतरला पाहिजे, असा तर्क फ्रान्समधील पास्कलने केला. त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी पुई-द-दोम नावाच्या डोंगरावर चढला, आणि पारा खरोखरच सुमारे ८ सेंटिमीटर उतरलेला आढळला. तर्क आधी, मोजमाप नंतर आणि निष्कर्ष शेवटी, असा हा शास्त्राचा मार्ग मुलांनी एकदा तरी चालून पाहावा.

त्यासाठी फ्रान्सला जाण्याची गरज नाही. घाटात एस.टी. चढू लागली की कानांत दडे बसतात; वेफर्सची बंद पिशवी घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत टम्म फुगते. काही मोबाइल फोनांत वायुदाबमापक असतो. सहलीस गडावर जाताना पायथ्याशी आणि माथ्यावर त्याचा आकडा मुलांनी लिहून घ्यावा. आपल्या डोंगरांच्या उंचीवर साधारणतः दर १०० मीटरला सुमारे १० हेक्टोपास्कल दाब उतरतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तेथील दाब समुद्रसपाटीवरील दाबापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी असतो.

त्याहूनही जवळचे उदाहरण विहिरीचे आहे. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की शेतकरी काठावरचा पंप उचलून विहिरीच्या आतील टप्प्यावर उतरवितो. असे का करावे लागते? पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वस्तुतः पंप नळीतील हवा काढून टाकतो आणि विहिरीतील पाण्यावर दाब देणारी बाहेरची हवा ते पाणी नळीत वर ढकलते. हवेला तोलता येणारा पाण्याचा स्तंभ सुमारे १० मीटरच असतो. प्रत्यक्षात नळीतील घर्षण, फुटव्हॉल्व्हचा अडथळा वगैरे कारणांनी सहा-सात मीटरच्या पुढे पंप नीट चालत नाही. पाण्यात बुडवून ठेवलेली पाणबुडी मोटर पाणी खालून ढकलते, म्हणून तिला ही मर्यादा नाही. शेतकऱ्याच्या मुलाला हा व्यवहार ठाऊक असतो. त्यामागील कारण तो शाळेत शिकला म्हणजे शाळा आणि शिवार यांतील अंतर तेवढेच कमी होते.

तिसरी पायरी हवेतील घटकांची. येथे मला विशेष आग्रहाने बोलावयाचे आहे. बशीतील पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग आपण सर्वजण जाणतो. मेणबत्ती विझते, पाणी वर चढते, आणि “पाणी एकपंचमांश चढले, यावरून प्राणवायू एकपंचमांश असल्याचे सिद्ध झाले” असे फळ्यावर लिहिले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. पेल्यात बराचसा प्राणवायू शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. शिवाय जळताना निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड वायू आतच राहतो आणि पाण्यात अगदी सावकाश विरघळतो. पाणी चढण्याचे मुख्य कारण वेगळे आहे: ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होते व आकुंचन पावते. मुलांना नीट पाहावयास सांगावे. ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही. ती विझल्यावर मात्र झरकन चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक चढते. पेला तोच असता प्राणवायू कसा वाढेल?

हा प्रयोग टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. ज्वलनास हवा लागते आणि तापलेली हवा पसरते, हे दाखविण्यास तो उत्तम आहे. प्राणवायूचे प्रमाण दाखविण्यासाठी मात्र दुसरा प्रयोग करावा. लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडून लोखंडाचा बारीक कीस आणावा, तेल निघून जाईल असा साबणाने स्वच्छ धुवावा आणि परीक्षानळीच्या आतील ओल्या बाजूंना भरपूर चिकटवावा. नळी पाण्यात पालथी उभी करून पाण्याच्या पातळीवर कागदी पट्टीने खूण करावी. काही दिवसांत लोखंड गंजते, गंजताना प्राणवायू घेते, आणि पाणी नळीतील हवेच्या सुमारे एकपंचमांश भागापर्यंत चढून थांबते. उरलेल्या हवेत पेटती काडी घातली तर ती विझते. भांडी घासावयाची चकचकीत तारेची घासणी बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. ती येथे चालत नाही. या प्रयोगास दिवस लागतात हे खरे. पण मुलांस दररोज खूण पाहण्याची सवय लागते, आणि खोट्या पुराव्याने खरा आकडा पटविण्याचा दोष आपल्याकडे येत नाही. उत्तर बरोबर असले की रीत कशीही चालेल, असे गणितात आपण चालवून घेत नाही. विज्ञानातही घेऊ नये.

घटकांचा तक्ता सांगताना तो कोरड्या हवेचा आहे हे सांगण्यास विसरू नये: नायट्रोजन सुमारे ७८ टक्के, प्राणवायू २१, अरगॉन ०.९ आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४. पाण्याची वाफ या तक्त्यात नसते, कारण तिचे प्रमाण स्थळकाळाप्रमाणे बदलते. वैशाखात तासाभरात वाळणारे धोतर श्रावणात दिवसभर दमट का राहते, हा प्रश्न मुलांस विचारावा.

कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी शाळेत हा आकडा ०.०३ असा पाठ केला होता. आजच्या पुस्तकांत तो ०.०४ असा आहे. यात छपाईची चूक नाही. हवाई बेटांतील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली हा आकडा ४२० च्या वर गेला. कोळसा व खनिज तेल जाळल्याने तो वाढला आहे. एवढासा वायू काय करणार, असे मुलांस वाटते. वाफ आणि हा वायू यांसारखे उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत नसते तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान आजच्या १५ अंश सेल्सिअसऐवजी शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते. ओझोनचा विरळ झालेला थर आणि तापमानवाढ या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. उत्तरपत्रिकांत त्यांची नेहमी गल्लत होते, तेवढी वेळीच दूर करावी.

चौथी पायरी थरांची. शाळेतील पृथ्वीगोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्यावर १०० किलोमीटर उंची म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या थोडी वर. ढग, पाऊस, वारे जेथे घडतात ते तपांबर आपल्या भागात सुमारे १६ किलोमीटर जाडीचे आहे. ते गोलावर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. आणि वातावरणाचे निम्मे वस्तुमान तर खालच्या साडेपाच किलोमीटरांतच आहे, म्हणजे गोलावर चिकटविलेल्या वहीच्या एका पानाइतके! फळ्यावरील आकृतीत थर हातभर जाड दिसतात, म्हणून हे प्रमाण अवश्य दाखवावे.

“वर गेले की सूर्य जवळ येतो, मग महाबळेश्वर थंड का?” ही शंका मुलांच्या मनात असतेच. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यात दीड किलोमीटरची काय मातब्बरी? ऊन मुख्यतः जमिनीस तापविते आणि जमीन हवेस तापविते. शिवाय वर चढणारी हवा पसरते आणि पसरताना गार होते. सायकलच्या ट्यूबमधील हवा सोडताना व्हॉल्व्हशी बोट धरले की हा गारवा जाणवतो. म्हणून तपांबरात साधारणतः दर किलोमीटरला ६.५ अंशांनी तापमान उतरते. हे असेच वरपर्यंत चालते असा समज होता. पण फ्रान्समधील तेसराँ द बोर यांनी फुग्यांतून तापमापक पाठवून १९०२ साली दाखविले की ठरावीक उंचीनंतर ही उतरण थांबते. हेच स्थितांबर होय. तेथे ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो, म्हणून वर जावे तसे तापमान वाढते. हे कारण समजले म्हणजे पुढच्या थरांची नावे घोकण्याचे ओझे हलके होते. हा ओझोन मोजण्याचे उपकरण १९६० च्या दशकात आपल्या देशात तयार झाले. त्यामागे हवामान खात्यातील शास्त्रज्ञ अॅना मणी यांचे परिश्रम होते, आणि पुण्यातही त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. मुलींच्या वर्गात हे नाव जरूर घ्यावे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. प्रत्येक शाळेने हवामानाची एक नोंदवही ठेवावी. सावलीत टांगलेला एक तापमापक, दुसऱ्याच्या फुग्यास ओली चिंधी, आणि उघड्यावर सरळ बाजूंचे भांडे पर्जन्यमापक म्हणून ठेवले की साहित्य झाले. दोन विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज एकाच वेळी नोंद करावी आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जोडीने. वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद घराच्या आत उभे राहून मोजावेत; दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर अंतर धरावे. हे अंतर ३० सेकंदांच्या आत आले तर शेतातून, झाडाखालून उठून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एवढे एक माप जरी मुलाने घरी जाऊन आईवडिलांस सांगितले, तरी आपल्या पाठाचे चीज झाले असे मी समजेन.

पुढील वर्गभेटीच्या वेळी मी मुलांस टक्केवारी विचारणार नाही. मी नोंदवही पाहीन आणि पेला हाती घेऊन त्यात काय आहे ते विचारीन.