घरगुती सुगंधी वनस्पती : उपयोग आणि मर्यादा

युरोपांतील जुन्या घरांत कपड्यांचें कपाट उघडलें कीं वाळलेल्या जांभळ्या फुलांच्या पुरचुंडीचा वास दरवळे. हीं फुलें लॅव्हेंडरचीं. या वनस्पतीचें नांव ‘धुणें’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाशीं सामान्यतः जोडतात, आणि तिचा पहिला मान वस्त्रांचा व स्नानाचाच आहे. परंतु तेवढ्यावर तिची चाकरी संपत नाहीं. तीं फुलें साखरेंत मुरवून मिठाईंत घालतात, झोंप यावी म्हणून उशींत भरतात, तेल कपाळाला लावतात. आणि दारावर जुडी टांगली असतां अशुभाची बाधा होत नाहीं, अशीही तिकडील लोकांची श्रद्धा असे. वस्त्र, अन्न, औषध आणि तोडगा हीं चारही खातीं एकाच झुडपाकडे सोंपविलेलीं होतीं.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगांव मेघे येथें हें झुडूप अंगणांत लावूं म्हटलें, तर तें टिकणें कठीण. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारी ही जात. वर्ध्याकडील काळी जमीन पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते, तिच्यांत हिचीं मुळें कुजतात. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तो ताप तिला सोसत नाहीं. भारतांत तिची लागवड होते ती जम्मूकडील भद्रवाहसारख्या थंड, डोंगराळ मुलखांत. तेव्हां खरा प्रश्न निराळा आहे. हीं चार खातीं विदर्भाच्या अंगणांत कोण सांभाळतें, आणि त्यांपैकीं कोणावर किती भरंवसा टाकावा? गांवांत जें आहे तें आधीं नीट ओळखावें, ही दृष्टि १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें व त्याचे चालक जे. सी. कुमारप्पा यांनीं देशापुढें ठेवली होती. तीच दृष्टि येथेंही उपयोगी पडते.

पहिलें खातें वस्त्राचें व घराचें. येथें मान वाळ्याचा. वाळा ही गवताची जात असून त्याचा सुगंध मुळांत असतो. वाळलेल्या मुळांची जुडी पेटींत घातली असतां लुगडीं व शाली सुवासिक राहतात. कडुनिंबाचा वाळवलेला पालाही किडीसाठीं जोडीला घालतात. परंतु वाळ्याचें खरें कर्तृत्व वैशाखांत दिसतें. दाराला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी शिंपडलें कीं बाहेरचा तप्त वारा आंत शिरतांना निवतो. यांत जादू नाहीं. पाण्याची वाफ होतांना ती हवेंतील उष्णता शोषून घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ अधिक आणि गारवाही अधिक. म्हणूनच ही युक्ति विदर्भांत फळते व कोंकणांत फसते. आणि विदर्भांतही मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली कीं तिचा जोर ओसरतो. आयुर्वेदांत वाळ्यास उशीर म्हणतात, व चरकसंहितेनें त्याची गणना दाह शमविणाऱ्या द्रव्यांत केली आहे. माठांत वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी टाकून पाणी सुगंधित करण्याची चाल याच समजुतीला धरून आहे.

पुढें ताटीची जागा कूलरनें घेतली, पण तत्त्व तेंच राहिलें. त्याबरोबर एक नवें संकटही घरांत आलें. कूलरच्या टांकींत पाणी सांचून राहतें, आणि डेंग्यूचा प्रसार करणारा डास अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारें आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां टांकी व रांजण रिकामे करून, आंतून घांसून, कोरडे करावे. वाळ्याच्या सुवासानें हें काम होत नाहीं.

दुसरें खातें स्वयंपाकघराचें. लॅव्हेंडरचीं सख्खीं भावंडें येथें भेटतात, कारण तुळस, सब्जा, मरवा व पुदिना हीं सारीं एकाच कुळांतील. चौकोनी देंठ, समोरासमोर येणारीं पानें आणि चुरडतांच सुटणारा वास या खुणांवरून हें कुळ ओळखतां येतें. लॅव्हेंडरच्या तेलांत लिनालूल नांवाचें जें सुगंधी द्रव्य असतें, तें सब्जाच्या पानांतही सांपडतें. सब्जाचें बीं पाण्यांत फुगून बुळबुळीत होतें व सरबतांत घालतात. मात्र तें पूर्ण भिजल्यावरच द्यावें. कोरडें बीं घशांत फुगून अडकण्याची भीति असते, विशेषतः मुलांना.

तिसरें खातें औषधाचें, आणि येथें तुळशीचें राज्य आहे. लवंगेच्या तेलांत जें युजेनॉल असतें तेंच तुळशीच्या पानांतही आहे. म्हणून तिचें पान जिभेला किंचित् चरचरतें. तुळस, सुंठ, मिरीं, गवती चहा व गूळ यांचा काढा पडशांत घशाला शेक देतो, नाक मोकळें करतो आणि आजाऱ्याच्या पोटांत ऊन पाणी जातें. एवढें काम तो चांगलें करतो. परंतु हिंवताप तुळशीनें जात नाहीं. हिंवतापाचे जंतु डासाच्या शरीरांत वाढतात, हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस पाहिलें, आणि माणसाच्या रक्तांत शिरलेल्या त्या जंतूंना काढ्याची भीति नसते. थंडी वाजून ताप आला तर काढा अवश्य द्यावा, पण त्याच दिवशीं रक्तही तपासून घ्यावें. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय बोरगांव मेघ्याहून दूर नाहीं. काढ्यावर घालविलेले तीन दिवस कधीं कधीं परत मिळत नाहींत.

चवथें खातें तोडग्याचें. ग्रहणांत अन्नावर तुळशीपत्र ठेवणें, नैवेद्यावर पान वाहणें, अंतकाळीं मुखांत तुळस व गंगाजल घालणें, सायंकाळीं वृंदावनाशीं दिवा लावणें, या चालींनीं घराला धीर दिला आहे. द्वादशीस तुळस तोडूं नये हा नियम झाडालाही विसांवा देतो. मंजिऱ्या खुडल्यानें पानोरा भरदार राहतो. येथें श्रद्धा आणि बागाईत एकमेकांच्या आड येत नाहींत.

पण तोडगा औषधाची जागा घेऊं लागला कीं अनर्थ होतो. युरोपांत प्लेगच्या दिवसांत लोक सुगंधी पाल्याच्या पुरचुंड्या नाकाशीं धरीत, कारण रोग दुर्गंधीनें येतो अशी समजूत होती. मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला, आणि १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमाँ यांनीं तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हें दाखविलें. शत्रु वासांत नव्हता, पिसवेंत होता.

हीच चूक बाळंतिणीच्या खोलींत अजून घडते. बाळाला दृष्ट लागूं नये व सर्दी होऊं नये म्हणून दारें लावून धुरी देतात, नाकाशीं कापूर धरतात, वेखंड उगाळून चाटवितात. पण कोंदलेला धूर कोंवळ्या फुप्फुसांना बाधतो. कापूर पोटांत गेला तर मुलास झटके येतात, आणि वेखंडांत विषारी अंश असतो. लॅव्हेंडरचें विकत मिळणारें अर्कतेलही पिण्याचें नव्हे. झाडाचें पान सौम्य असतें, म्हणून त्याचें काढलेलें तेल सौम्य असतें असें नाहीं. शेंकडों पानांचा जोर त्या थोड्या थेंबांत उतरलेला असतो. कापूर व अर्कतेलें मुलांच्या हातीं न येतील अशा फळीवर ठेवावीं.

वस्त्रांसाठीं वाळा, जिभेसाठीं पुदिना व सब्जा, पडशासाठीं तुळशीचा काढा, आणि मनाच्या शांतीसाठीं वृंदावनाशीं सांजवात, अशी वांटणी करून घेतली तर परदेशी झुडपाची उणीव भासण्याचें कारण नाहीं. दृष्ट काढावयाची तर मीठमोहऱ्यांनीं काढावी. त्यानें कोणाचें नुकसान नाहीं. मात्र तीं शेगडींत टाकावयाचीं असतील, तर बाळ दुसऱ्या खोलींत असावें, आणि बाळाला ताप असेल तर आईचा एक पाय दवाखान्याच्या वाटेवर असावा.